पोचवा

खरं नाव त्याला होतं, पण ते फक्त डेपोच्या हजेरीत पुकारलं जायचं. बाकी सगळ्या शहराच्या लेखी तो पोचवे. नदीच्या अलीकडच्या बाजारापासून पलीकडच्या टेकडीवरच्या इस्पितळापर्यंत त्याची बस चालायची, आणि चढणाऱ्यानं "वेळेत पोचेल का हो?" असं विचारलं, की तो गिअर टाकता टाकता म्हणायचा, "वेळेचं मला विचारू नका. पोचाल, एवढं मी सांगतो." बस तरी कसली, दुसऱ्या गिअरला कण्हणारी, चढावर तापणारी, आणि छत गळायचं ते नेमकं ड्रायव्हरच्या डाव्या गुडघ्यावर. पण तिच्यात बसलेलं माणूस पोचलं नाही असं कधी झालं नव्हतं. बस बंद पडलीच तर पोचवे रस्त्यात आडवा उभा राहून दुसरी गाडी थांबवायचा आणि एकेकाला तिच्यात कोंबून द्यायचा. एका म्हातारीला डुलकी लागून तिचा थांबा मागे राहिला, तेव्हा त्यानं भर बाजारात बस वळवली होती. मागच्यांनी शिव्यांची लाखोली वाहिली, तर म्हणाला, "तुमची आई असती म्हणजे?"

बायको लवकर गेली होती, मूलबाळ नव्हतं. धाकटी बहीण मात्र दोन गल्ल्या सोडून राहायची आणि तिच्या घरी त्याचं रात्रीचं ताट ठरलेलं होतं. तिचा नवरा घड्याळजी. माणूस मूळचा नदीपलीकडचा, सासरच्या गावात येऊन दुकान थाटलं, आणि दुकान थाटलं तेही बसथांब्यासमोर. डोळ्याला भिंग लावून बसलेला असायचा, बस आली की भिंगासकट मान वर करायचा आणि ओरडायचा, "मेहुणे, कालची आली की आजची?" पोचवे म्हणायचा, "जावईबापू, माझी गाडी वेळेवर आली तर तुमच्याकडे घड्याळ दुरुस्तीला कोण टाकील?" हे रोज. दोघांनाही त्याचा कंटाळा आला नव्हता.

मग लढाई आली. ती कशावरून झाली हे मोठमोठ्या पुस्तकांत लिहिलेलं आहे आणि प्रत्येक पुस्तकात वेगळं लिहिलेलं आहे. अलीकडच्यांना एक दिवस कळलं की पलीकडचे आपले वैरी आहेत, आणि पलीकडच्यांनाही तेच कळलं. शहर अलीकडच्या सैन्याच्या हातात आलं. सैन्याचा साहेब गुळगुळीत दाढीचा, मंद आवाजाचा माणूस होता. तो कधी कुणावर ओरडला नाही. त्यानं पलीकडच्या कुळातले सगळे पुरुष शाळेच्या मोठ्या हॉलमध्ये जमा केले आणि जाहीर केलं की यांना पुलापलीकडे सुखरूप सोडण्यात येईल. परदेशी निरीक्षक पांढऱ्या गाड्यांतून आले, हॉल पाहिला, साहेबाशी हात मिळवले आणि समाधान व्यक्त करून जेवायच्या वेळेला परत गेले. हॉलमध्ये घड्याळजी होता. लग्न करून इकडचा झालेला माणूस, पण कूळ पलीकडचं. वैऱ्यांच्या यादीत जावई असा रकाना नसतो.

बस लागणार म्हणून पोचवेची बस घेतली. पोचवेला किती हायसं वाटलं म्हणून सांगावं. दुसऱ्या कुणाची गाडी असती तर त्याला घोर लागला असता. बहीण शाळेच्या फाटकाशी उभी होती, चेहऱ्यावर रंग नव्हता. तो तिला म्हणाला, "रडतेस काय? गाडी माझी आहे. मी पोचवतो त्यांना."

बस भरली. पोचवेशेजारी एक शिपाई बसला, मांडीवर वायरलेस घेऊन. वायरलेस खरखरला आणि साहेबाचा मंद आवाज आला, "बसमधल्या सगळ्यांना पोचवा. झालं की मला कळवा."

आता ऐका. कुठल्याही शहाण्या माणसाला त्या शब्दाचा काटा टोचला असता. शब्द दुतोंडी आहे. माणूस घरी पोचवतात तसा मसणातही पोचवतात, आणि भांडणात "पोचवीन तुला" म्हटलं की लहान पोरालाही कळतं कुठे ते. पण ज्यानं उभा जन्म माणसं पोचवण्यात घालवला, त्याला तो शब्द एकाच बाजूनं ऐकू यायचा. पोचवेला आनंद झाला. त्यानं मान मागे वळवून सगळ्या बसला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "ऐकलंत ना? साहेबांनीच सांगितलंय, सगळ्यांना पोचवा. आता निवांत बसा." मागे माणसं हलली, कुणी सुस्कारा सोडला, आणि तिसऱ्या बाकावरून घड्याळजी म्हणाला, "या गाडीनं? म्हणजे उद्या." माणसं हसली. शेजारचा शिपाईही हसला, जरा जास्तच हसला. पोचवेला वाटलं, भला पोरगा आहे.

पुलाच्या अलीकडे शिपायानं बस डावीकडे घ्यायला लावली. पूल तपासताहेत, म्हणाला. तो रस्ता जुन्या दगडाच्या खाणीचा. खाणीच्या तोंडाशी दुसरे शिपाई उभे होते, त्यांनी माणसं उतरवली आणि पोचवेला सांगितलं, वळणापलीकडे जाऊन गाडी फिरवून ठेव. रस्ता अरुंद होता. तो पुढे-मागे, पुढे-मागे करत बस वळवत होता तेव्हा आवाज सुरू झाले. पहिल्या क्षणी त्याला वाटलं, खाणीत सुरुंग लावताहेत. मग आठवलं, खाण बंद होऊन वर्ष उलटलं. त्यानं स्टिअरिंगवर कपाळ टेकलं आणि हॉर्न वाजला, तोही त्याला बराच वेळ ऐकू आला नाही.

दुसऱ्या दिवशी साहेब डेपोत आला. सगळ्यांसमोर त्यानं पोचवेच्या पाठीवर थाप मारली. "काय पोचवे, छान पोचवलंत हो सगळ्यांना," म्हणाला आणि सिगारेटचं पाकीट पुढे केलं. पोचवेनं सिगारेट घेतली. साहेबानं काडी ओढून पेटवूनही दिली, आणि पोचवे "उपकार आहेत साहेब" असं म्हणाला. भीतीनं म्हणाला, जीव वाचावा म्हणून म्हणाला, पण म्हणाला. गोळ्यांचे आवाज तो पुढे कधीमधी विसरायचा. ती काडी मात्र त्याच्या डोक्यात विझली नाही.

बहिणीकडे तो गेला तेव्हा ती दारातच उभी होती. ती एवढंच म्हणाली, "तू म्हणाला होतास, मी पोचवतो." पोचवेनं हात जोडून सांगितलं, मला ठाऊक नव्हतं, शप्पथ, साहेब पोचवा म्हणाले, मला वाटलं पुलापलीकडे. ती म्हणाली, "सगळ्या जगाला कळला तो शब्द. तुला नाही कळला?" आणि दार लागलं. त्या दिवसापासून ताट बंद, बोलणं बंद. गल्लीत पोरंसोरं त्याला पोचवे म्हणून हाक मारायची आणि पळून जायची, जसं भुताला खिजवावं. त्यानं बस सोडली आणि डेपोत गाड्या धुवायचं काम घेतलं.

लढाई संपली. ती संपते कशी, तर मोठ्या टेबलाभोवती माणसं बसतात, सह्या करतात, आणि ज्यांनी माणसं मारली त्यांनाच शांततेचे शिल्पकार म्हणून पदक मिळतं. साहेबानं नदीकाठी मोठं हॉटेल काढलं, परदेशी पाहुणे त्याच्याकडे उतरायचे. देशोदेशीचे मंत्री म्हणायचे, झालं ते झालं, आता पुढे बघू. त्यांना पुढे बघायला काय जातं? ज्याचं जळतं त्यालाच कळतं. पोचवे पुढे बघत नव्हता. तो साहेबाचे वर्तमानपत्रातले फोटो बघायचा. कुठल्या वर्षी हनुवटीखाली दुसरी हनुवटी आली, केव्हा केस काळे करायला लागला, हे त्याला पाठ होतं. पाण्याचा पाइप हातात धरून बसची काच धुताना तो मनातल्या मनात साहेबाला मारायचा. रोज वेगळ्या तऱ्हेनं, आणि सावकाश. त्यात त्याला सुख होतं, हे लपवण्यात अर्थ नाही.

एकदा तो सदऱ्याखाली पाना दडवून हॉटेलसमोर जाऊन उभा राहिला. साहेब बाहेर आला, गाडीत बसायच्या आधी त्याची नजर पोचवेवरून गेली. थांबली नाही. विजेच्या खांबावरून जाते तशी गेली. रखवालदारानं पोचवेला "चल, पुढे हो" म्हणून ढकललं. पाना सदऱ्याखालीच राहिला. मारता आलं नाही याचं दुःख होतंच, पण त्यानं आपल्याला ओळखलंसुद्धा नाही हे पोचवेला जास्त लागलं. बस ज्याची वापरली, शब्द ज्याचा वापरला, बहीण ज्याची तोडली, तो माणूस त्याला आठवतही नव्हता.

पुढे साहेब गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी परदेशी गेला आणि तिथे इस्पितळाच्या खाटेवरच त्याला धरलं. अनेक देशांनी मिळून एक कोर्ट मांडलं होतं, असल्या साहेबांसाठीच. इतकी वर्षं हे कोर्ट काय करत होतं हे विचारू नये. ते काम करत होतं.

त्या कोर्टाच्या वकीलबाईंनी पोचवेला शोधून काढलं. बाई परक्या मुलखातल्या, आपली भाषा त्या दुभाष्याकडून ऐकायच्या, पण ऐकायच्या मन लावून. त्यांनी त्याला खटला समजावून सांगितला. गोळ्या झाडणारे शिपाई एक तर मेले होते, नाहीतर जगाच्या पाठीवर कुठेतरी गडप झाले होते. साहेब त्या दिवशी खाणीवर गेलाच नव्हता. पुरावा काय, तर पलीकडच्या सैन्यानं चोरून टिपलेला वायरलेसवरचा त्याचा आवाज. बसमधल्या सगळ्यांना पोचवा. आवाज आपलाच आहे, हे साहेब मान्य करत होता. त्याचं म्हणणं एवढंच, की मी पुलापलीकडे पोचवा म्हणालो, शिपायांनी पुढे काय केलं त्याला मी काय करू?

"म्हणजे सगळं त्या एका शब्दावर आहे," बाई म्हणाल्या. "शब्दाचा अर्थ 'मारा' असा सिद्ध झाला, तर तो मरेपर्यंत तुरुंगात. नाही झाला, तर त्याला कुणी बोलसुद्धा लावणार नाही. हॉटेलवर परत जाईल."

आणि तो हुकूम कानांनी ऐकलेला, बसमधून जिवंत उतरलेला माणूस एकच उरला होता. पोचवेनं त्यांना घडलं तसं सांगितलं, त्यांनी तसंच टिपून घेतलं. मला वाटलं, सोडून या असं म्हणताहेत, हेही त्यानं लपवलं नाही. बाईंचा चेहरा किंचित उतरला, पण त्या म्हणाल्या, "ठीक आहे. तुम्ही आवाज ऐकलात, खाणीवर काय झालं ते सांगा, पाठीवरच्या थापेचं सांगा. बाकीचं आम्ही पाहू."

कोर्टाच्या गावात त्याला एका लहान हॉटेलात ठेवलं होतं. खोलीत पलंग, टीव्ही, आणि उघडता न येणारी खिडकी. टीव्हीवर खटला दिसायचा. तिथे त्या शब्दाची चिरफाड चालली होती. कोर्टानं एक भाषातज्ज्ञ बोलावला होता, दाढीवाला, चार कोश घेऊन आलेला. त्याला न्यायाधीशांनी विचारलं, या शब्दाचा अर्थ काय? तो म्हणाला, दोन्ही. पुन्हा विचारलं, या वाक्यात कोणता? तो म्हणाला, संदर्भावर अवलंबून आहे. संदर्भ खाणीत पुरला होता, पण हे त्याला कोण सांगणार? पाठीवरच्या थापेचाही निकाल बचावाच्या वकिलानं आधीच लावून ठेवला होता. काम नीट केलेल्या ड्रायव्हरला साहेब शाबासकी देणारच, त्यात काय, म्हणाला. पोचवेला टीव्हीतून साहेब दिसत होता. काचेमागे बसलेला, कानाला हेडफोन, समोर पाण्याचा पेला. तो छान सावरून बसला होता. सुटणार हे त्याला दिसत होतं.

साक्षीच्या आदल्या संध्याकाळी खोलीतला फोन वाजला. पोचवेला वाटलं वकीलबाई. पलीकडून आवाज आला, "दादा."

इतक्या वर्षांनी ती हाक ऐकून तो पलंगावर बसलाच. बहीण म्हणाली, "मी रोज टीव्ही बघते. ते कोशवाले बाबा आले होते ना, त्यांचंही ऐकलं. चार कोश उघडून त्यांना कळेना, तर तुला त्या घाईत काय कळणार होतं?" मग म्हणाली, "खरं सांगू का, मला पहिल्यापासूनच ठाऊक होतं की तुला कळलं नव्हतं. तू आहेसच तसा खुळा. पण मला कुणावर तरी राग काढायचा होता, आणि साहेबापर्यंत माझा हात पोचत नव्हता. तू हाताशी होतास."

पोचवे नुसता हं म्हणाला.

"उद्या जे खरं आहे ते सांग आणि घरी ये," ती म्हणाली. "तो सुटला तर सुटू दे. आमचे हे काही परत येत नाहीत. तू तरी ये."

फोन ठेवल्यावर पोचवे पोटभर रडला आणि मग गाढ झोपला. साहेबाला न मारता तो त्या रात्री पहिल्यांदा झोपला.

सकाळी कोर्टात तो उभा राहिला तेव्हा त्याचं मन अगदी मोकळं होतं. खरं सांगायचं आणि घरी जायचं. वकीलबाईंनी विचारलं ते त्यानं सांगितलं. बस, वायरलेस, खाण, आवाज. मग बचावाचा वकील उठला. फार अदबीचा माणूस, बोलण्यात साखर पेरलेली.

"लोक तुम्हाला पोचवे म्हणायचे, खरं ना?"

"हो."

"कारण तुमच्या गाडीतला माणूस हमखास पोचायचा. म्हणजे हा शब्द तुम्ही जन्मभर वापरलात. त्याचा अर्थ तुमच्याइतका कुणाला ठाऊक असणार? चार कोशांपेक्षा मी तुमचं ऐकेन." न्यायाधीशांकडे पाहून तो हसला. "तर तुम्हीच सांगा. तो हुकूम ऐकला त्या क्षणी तुम्हाला काय अर्थ कळला?"

उत्तर जिभेवर होतं. वकिलालाही ते ठाऊक होतं, जबाबात छापलेलंच होतं. पोचवेनं सहज काचेकडे पाहिलं. साहेब हेडफोन सारखा करत होता, आणि मग त्यानं तोंडापुढे हात धरून जांभई दिली. वाईटपणानं दिली नव्हती. नुसता कंटाळला होता, जेवायची वेळ होत आली होती.

पोचवेच्या डोक्यात ती जुनी काडी पुन्हा ओढली गेली. हा इथून उठणार, हॉटेलात जाणार, आणि कशाच्या जोरावर? तर पोचवे खुळा होता या जोरावर. याचा सगळा बचाव माझ्या भोळेपणावर उभा आहे. माझी गाडी घेतली, माझा शब्द घेतला, आता माझं निर्दोष असणंसुद्धा हाच वापरून घेतोय. ठीक आहे. ते मी त्याला वापरू देणार नाही. आपलं नाक कापून दुसऱ्याला अपशकुन करणाऱ्याला लोक मूर्ख म्हणतात, पण अपशकुन पक्का होणार असेल तर नाकाचं काय एवढं?

"मारून टाका," पोचवे म्हणाला. "असा अर्थ कळला."

दुभाष्याचा आवाज क्षणभर अडखळला. वकिलाचं हसू चेहऱ्यावर राहिलं पण त्यातला जीव गेला. "आपण जबाबात तर म्हटलं होतं—"

"जबाबात मी माझी कातडी वाचवली."

"म्हणजे या माणसांना मारणार हे तुम्हाला माहीत होतं?"

"होतं. त्या दिवसांत आमच्या बाजूला 'पोचवा' म्हणजे काय ते पोराठोरांना ठाऊक होतं. मला ठाऊक नसायला मी काय दूधपिता होतो?"

"आणि तरी तुम्ही गाडी चालवलीत? तुमच्या सख्ख्या बहिणीचा नवरा गाडीत असताना?"

"चालवली."

मधल्या न्यायाधीशबाईंनी हात वर केला. त्यांनी सावकाश समजावलं की स्वतःला गुन्ह्यात अडकवणारं उत्तर द्यायची साक्षीदारावर सक्ती नाही, आणि आज इथे बोललेलं उद्या त्याच्यावर उलटू शकतं. पोचवे म्हणाला, "सक्ती कुणी केलेली नाही बाई. मी आपणहून सांगतोय." आणि तो सांगत गेला. खोटं बोलायची त्याला सवय नव्हती, पण त्या दिवशी ते असं सुटलं की अडलंच नाही. बसमधल्यांना शंका येऊ नये म्हणून मीच ओरडून सांगितलं की निवांत बसा. शिपाई हसला, मीही हसलो. घडलेली एकेक गोष्ट त्यानं उचलली आणि उलटी करून ठेवली, आणि प्रत्येक गोष्ट उलटी तितकीच चपखल बसत होती.

काचेमागे साहेब उठून उभा राहिला होता. त्याचा चेहरा लाल झाला होता. "हा खोटं—" एवढंच तो बोलला. पोचवे त्याच्याकडे वळून पाहत राहिला. जगात दोनच माणसांना ठाऊक होतं की पोचवेला त्या दिवशी काहीही कळलं नव्हतं, एक बहीण आणि दुसरा हा. बसमध्ये ड्रायव्हर काय ओरडला ते शिपायानं याला सांगितलं असणार, हसत हसत सांगितलं असणार, म्हणून तर ती पाठीवरची थाप होती. बोल की, पोचवे मनात म्हणाला. सांग कोर्टाला, हा गाढव आहे, याला माझा खरा अर्थ कळलाच नव्हता. सांग, खरा अर्थ काय होता ते. साहेबाचं तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. त्याच्या वकिलानं काचेवर बोटानं टकटक केली. साहेब खाली बसला. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच, आणि पोचवेनं तो डोळे भरून पाहिला. साहेबाची नजर आता त्याच्यावरून हलत नव्हती. आता ओळखलं होतं त्यानं.

बाहेर वऱ्हांड्यात वकीलबाईंनी त्याला गाठलं. दुभाषी बरोबर होता. बाई जिंकत आल्या होत्या, पण तसं त्यांच्या तोंडावर दिसत नव्हतं. "आत बोललात ते खरं होतं?" त्यांनी विचारलं.

"का विचारता?"

"खोटं असेल तर मला परत आत जाऊन ते सांगावं लागेल."

"आणि मग तो सुटला तर?"

"सुटला तरी."

पोचवेनं त्यांच्याकडे नीट पाहिलं. बाई खोट्या नव्हत्या, खरंच गेल्या असत्या. अशा माणसांमुळे जगात कायदा टिकून आहे, आणि अशाच माणसांमुळे साहेबासारखे गुडघे दुखेपर्यंत जगतात, असं त्याला वाटलं. बाईंबद्दल त्याला आदर वाटला. तो म्हणाला, "खरं होतं," आणि बाईंनी मान हलवली.

निकाल यायला महिने लागले. साहेबाला जन्मठेप झाली, मरेपर्यंत आत. निकालपत्रात पोचवेवर एक अख्खं पान होतं. या साक्षीदाराच्या शब्दावर विश्वास ठेवण्याचं मुख्य कारण हे, की स्वतःच्या गळ्यात फास अडकवून घेण्यासाठी कुणी खोटं बोलत नाही, असं न्यायाधीशांनी लिहिलं होतं. शिकलेली माणसं. सूड म्हणजे काय हे त्यांच्या कोशात नसावं. इकडच्या कोर्टात पोचवेवर खटला भरायची तयारी सुरू झाली होती, त्याला त्याचं काही वाटलं नाही. निकाल ऐकला त्या दिवशी त्यानं डेपोतल्या सगळ्या गाड्या धुतल्या, ज्यांची पाळी नव्हती त्याही धुतल्या. साहेबानं अपील केलं होतं, तेवढंच बाकी होतं.

बहिणीचा निरोप आला, येऊन जा. तो धुतलेले कपडे घालून गेला. दार उघडंच होतं. ती आत खुर्चीवर बसलेली होती आणि तिच्या कानशिलांवरचे केस पिकलेले त्याला पहिल्यांदा जवळून दिसले.

"टीव्हीवर ऐकलं मी," ती म्हणाली. "पुन्हा पुन्हा दाखवलं त्यांनी. मी फोनवर तुला सांगितलं होतं, मला ठाऊक आहे म्हणून."

"हो."

"मग मला एकच सांग, दादा. कोर्टात खरं बोललास, का सूड घेतलास?"

तो उंबऱ्याबाहेर उभा होता. सूड घेतला, एवढं म्हटलं असतं की झालं असतं. ती उठली असती, त्याला आत घेतलं असतं, ताट वाढलं असतं. पण बहिणीला तो ओळखून होता. तिच्या पोटात खोटं राहत नाही. अपिलात कुणी येऊन तिला विचारलं असतं, बाई, तुमचा भाऊ काय म्हणाला, तर तिनं जसंच्या तसं सांगून टाकलं असतं. आणि साहेब हॉटेलवर गेला असता.

ती वाट पाहत होती. त्याला दिसत होतं की तिला कोणतं उत्तर हवं आहे.

"खरं बोललो," तो म्हणाला.

तिनं विचारलं, "यांना कळलं होतं का रे, शेवटी? की तुला ठाऊक आहे म्हणून?"

"नाही," पोचवे म्हणाला. "त्यांना वाटत होतं मी भला माणूस आहे."

ती उठली आणि आतल्या खोलीत गेली. दार लावायलाही ती पुढे आली नाही. त्यानं स्वतःच हात पुढे करून दार ओढून घेतलं आणि पायऱ्या उतरला. साहेब या घटकेला कोठडीत बसला असेल, त्याला सत्य ठाऊक असेल आणि त्याला ते सांगता येत नसेल, हे त्यानं मनात नीट घोळवलं. त्यात अजून गोडी होती. गल्लीच्या टोकापर्यंत ती पुरली.